कुमुदचं राहिलेलं प्रकरण

कुमुद,

तुझ्या शोकसभेत मला तिसऱ्या रांगेत बसवलं. पहिल्या रांगेत तुझे भाऊ आणि भावजया, ते ठीकच आहे. पण दुसऱ्या रांगेत कोण होतं सांगू? ‘बायकांच्या उपासतापासांवर कसलं आलंय संशोधन?’ असं म्हणून ज्यांनी तुझ्या प्रबंधाकडे बघून नाक मुरडलं होतं, ते सगळे. डोळ्यांना रुमाल लावून बसले होते. मी मागे, खांबाच्या आड. विभागप्रमुख सर बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, “कुमुदताईंबरोबर वस्त्यांमधून हिंडणाऱ्या त्यांच्या एक सहकारी आज इथं उपस्थित आहेत.” एक सहकारी! नावसुद्धा नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि गंमत बघ, राग सरांचा नाही आला, तुझा आला. मेल्यावरसुद्धा सगळं तुलाच.

आता तू म्हणशील, माले, अगं मी मेले आहे, आता तरी पुरे कर. नाही करणार. तीस वर्षं मी तुझ्यावर जळले. शाळेच्या बाकापासून जळले. ती सवय तुझ्या एका काविळीनं जाईल असं वाटलं होतं की काय तुला?

गिरगावात तुमचं घर आमच्या चाळीच्या तोंडाशी होतं. स्वतःचं घर, स्वतःची गॅलरी, गॅलरीत तुझे बाबा आरामखुर्चीत इंग्रजी पेपर वाचत बसलेले. आम्ही मागच्या चाळीत, दोन खोल्यांत आठ जणं. तुझे केस दाट, तुझं इंग्रजी फर्डं, तुझ्या परकरांना नेहमी नवा काठ. त्या सगळ्यावर मी जळले. पण ते पोरीबाळींचं जळणं, ते विरून गेलं असतं. जे विरलं नाही ते वेगळं आहे. बी. ए. झाल्यावर तू घरात सांगितलंस की मी लग्न करणार नाही, मला पुढं शिकायचंय. तुझी आई आठवडाभर रडली आणि तुझ्या बाबांनी फक्त मान हलवली. “बघ बाई, तुझं तू,” एवढंच म्हणाले. ‘तुझं तू’! आमच्याकडे ‘माझं मी’ असं कधी काही होतंच कुठं? त्याच महिन्यात माझं लग्न ठरलं होतं, गिरगावातच. मी तुझ्या गॅलरीत बसून मेंदी काढून घेत होते, आणि तू मला एम. ए. चा अभ्यासक्रम वाचून दाखवत होतीस. त्या दिवशी तुला गॅलरीतून ढकलून द्यावंसं वाटलं होतं, खरंच सांगते.

पुढं मीही एम. ए. झाले, उशिरा, सासूबाईंचा स्वयंपाक सांभाळून, आणि कॉलेजात शिकवायला लागले. तोवर तुझा प्रबंध होत आला होता. बायकांची व्रतं, नवस, उपास, आणि मूल होणं-न होणं. बाईच्या पोटावर सत्ता कुणाची? नवऱ्याची, देवाची, सासूची की सरकारची? हा प्रश्न विद्यापीठात कुणी उच्चारला नव्हता. तू उच्चारलास, आणि दोन्हीकडून शिव्या खाल्ल्यास. सनातनी म्हणाले धर्म बुडवते, सुधारक म्हणाले देवभोळेपणाची तरफदारी करते. संततिनियमनाच्या सरकारी समितीनं तुला बोलावलं, तिथं तू म्हणालीस, “साधनं वाटण्याआधी बाईला काय हवंय ते विचारा.” पुन्हा बोलावणं आलं नाही. तू हसत हसत घरी आलीस आणि मला भजी तळायला लावलीस. मला तर कुणी एकदाही बोलावलं नव्हतं, तेव्हा न बोलावण्याचा मान तरी मला कुठून मिळणार?

आणि ती दादरची सभा! संयुक्त महाराष्ट्राच्या ऐन धामधुमीतली. व्यासपीठावर एकजात पुरुष, आणि प्रत्येकाच्या भाषणात वीरमाता. महाराष्ट्राला शूर पुत्र देणाऱ्या माता, लढ्याला आणखी पुत्र देणाऱ्या माता. बायका टाळ्या वाजवत होत्या, मीही वाजवत होते. शेवटी बायकांतर्फे दोन शब्द बोलायला तुला उभं केलं. तू पदर खोचलास आणि म्हणालीस, “मुंबई आपल्याला मिळालीच पाहिजे. पण राज्याला किती मुलगे हवेत हे सगळे सांगतात. बाईला किती हवेत, हे कुणी विचारणार आहे का?” मागच्या बायकांतून अशी टाळी उठली की व्यासपीठावरचे एकमेकांकडे बघायला लागले. दुसऱ्या दिवशी लालबागपासून गिरगावापर्यंत तेच वाक्य.

कुमे, ते वाक्य माझं होतं. आदल्या दिवशी परळच्या ट्राममध्ये मी तुला म्हटलं होतं. सभेनंतर मी तुला तसं सांगितलं तेव्हा तू कपाळाला हात लावलास. “अगं हो की! मला वाटलं माझंच.” आणि मनापासून हसलीस. तुझ्या हसण्यात लबाडी नव्हती हेच तर जास्त झोंबायचं. चोर असतीस तर भांडता आलं असतं.

भांडायचो मात्र आपण एकाच गोष्टीवरून. तुझा सिद्धांत असा, की गिरणगावातली बाई व्रत धरते तेव्हा ती नुसती देवाला शरण जात नाही, ती देवाला मध्ये घालते. उपास चालू आहे, सोवळं आहे, नवऱ्यानं जवळ यायचं नाही. नवऱ्याला बायकोशी भांडता येतं, देवाशी येत नाही. म्हणजे ज्या धर्मानं तिला बांधलं, त्याचाच दोर पकडून ती चार महिने, सहा महिने स्वतःच्या अंगाला विश्रांती देते. मी म्हणायचे, “ही कसली स्वतंत्र बाई? देवाच्या आड लपणारी? तोंडानं नाही म्हणायची हिंमत नाही म्हणून उपास करते, त्याला तू राजकारण म्हणतेस?” तू म्हणायचीस, “तोंडानं नाही म्हटल्यावर काय होतं ते बघायला चल माझ्याबरोबर.” ट्राममध्ये, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर कुठं कुठं भांडलो आपण! सकाळी फिरायला येणारे म्हातारे आपल्याकडे बघून वाट बदलायचे.

तुझ्याबरोबर मी जायचे ती लालबागला, द्वारकाबाईंच्या खोलीवर. द्वारकाबाई गिरणीत वाइंडिंग खात्यात, सुताच्या कांड्या भरायला, कोकणातल्या, आवाज खणखणीत. सुटीच्या दिवशी त्यांच्याकडे मजल्यावरच्या सगळ्या बायका जमायच्या. तू आत शिरलीस की सरळ फतकल मारून कोलंबी सोलायला बसायचीस. तुम्ही पाठारे प्रभू, तुझा जन्म मासळीत गेलेला, तुझे हात त्यांच्याइतकेच भराभर चालायचे. हातात कागद नाही, पेन्सिल नाही. “काय गो, तुझ्या सुनेचं कसं आहे?” इथून सुरुवात. आणि मी? भटाब्राह्मणाघरची, नाकाला पदर लावून दाराशी. मला त्या पाटावर बसवायच्या, चहा द्यायच्या, हळदीकुंकू लावायच्या, आणि निघताना न चुकता माझी ओटी भरायच्या. तांदूळ, खण, नारळ. “पुढच्या वर्षी पाळणा हलू दे बाय.” माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं, हे अख्ख्या मजल्याला ठाऊक होतं. तू बिनलग्नाची, तुझी ओटी कोण भरणार? तुला त्या कोलंबी बांधून द्यायच्या.

पण खरं दुखणं पुढंच आहे. बोलणं जरा रंगात आलं की तू मला उठवायचीस. “माले, खालच्या मजल्यावर किती बिऱ्हाडं आहेत, जरा विचारून ये ना.” “माले, त्या सुईणबाई आल्यात का बघ.” मी जायचे, जिने चढायचे-उतरायचे, आणि परत येईपर्यंत तुझं काम झालेलं असायचं. कुणी कुठला काढा घेतला, कुणी कुठल्या बाईकडून काय करून घेतलं, कुणाला चौथं नको होतं, कुणी कशाकशानं लांबवलं. ट्राममध्ये तू मला सगळं सांगायचीस, आणि मी घरी बसून लिहून काढायचे. मलई तू खायचीस आणि भांडं मी घासायचे, असंच मला वाटायचं. कितीदा बोलूनही दाखवलं. एकदा तू म्हणालीस, “असू दे गं. तुला काय फरक पडतो?” आणि ट्रामच्या खिडकीबाहेर बघत राहिलीस. आता कळतं, तू बाहेर का बघत राहिलीस.

तो संचारबंदीचा दिवस आठवतो? आपण द्वारकाबाईंकडे पोचलो आणि खाली गडबड सुरू झाली. अश्रुधुराचा वास जिन्यावरून वर आला, बायकांनी पोरांच्या डोळ्यांवर ओली फडकी ठेवली, दार लावून घेतलं. सकाळपासून दिवे लागेपर्यंत आपण सगळ्या त्या एका खोलीत कोंडलेल्या. मला वाटलं, आता मजा येईल, आता मला कुठं पाठवशील? आता मीही ऐकेन. आणि त्या दिवशी कुणी काही बोललंच नाही! भाजीचे भाव, गिरणीतला मुकादम, गोळीबारात गेलेला शेजारच्या चाळीतला पोरगा. त्याच्या आईचं नाव निघालं आणि सगळ्या रडल्या. पण आपल्या विषयावर एक अक्षर नाही. तू दोनदा विषय काढून पाहिलास, दोन्ही वेळा द्वारकाबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि चुलीतली लाकडं सारखी केली. मी मनात खूश! म्हटलं, चला, कुमुदची जादू संपली.

इस्पितळात तुला शेवटचं भेटले तेव्हा तू हळदीसारखी पिवळी झाली होतीस आणि भांडायच्या तयारीत होतीस. “पुस्तकाचं शेवटचं प्रकरण राहिलंय,” म्हणालीस. “मूल नको असलेल्या बायकांचं. ज्यांना चौथं, पाचवं नको त्या मला मिळाल्या. पण ज्यांना मुळातच नको होतं, पहिलंसुद्धा, अशी एकही मिळत नाही. असणार ना गं? का तूच बरोबर? बायका देवाच्या आड फक्त लपतात?” मी म्हटलं, “तू आधी बरी हो, मग भांडू.” माझ्या ओठावर काहीतरी आलं होतं. परिचारिका आली, तुझं अंथरूण बदलायचं होतं. मी बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी तू शुद्धीवर नव्हतीस.

शोकसभा संपल्यावर सरांनी मला गाठलं. “मालतीबाई, शेवटचं प्रकरण तुम्ही पुरं करा. तुमच्याइतकं ते कुणाला माहीत नाही. नाव अर्थातच कुमुदताईंचं राहील. प्रस्तावनेत आम्ही तुमचे आभार मानू.” प्रस्तावनेत आभार! मी विचार करते म्हटलं आणि तडक घरी आले. सांगते, दोन दिवस मी ठरवून टाकलं होतं की नाही लिहायचं. राहू दे तुझं पुस्तक शेपूट तुटलेलं. लोकांना कळू दे की कुमुदलाही एक गोष्ट पुरी करता आली नाही. हे लिहिताना लाज वाटायला हवी. वाटत नाही.

तरी गेले. का गेले, तर तुला न मिळालेलं मला मिळतंय का बघायला. दुसरं कारण नाही.

द्वारकाबाईंनी मला बघितलं आणि गळ्यात पडून रडल्या. “कुमुदबाय गेली, आता आमका कोण इचारतला?” मजल्यावरच्या बायका जमल्या. तुझ्या आठवणी निघाल्या, तू किती छान सोलायचीस, तू किती हसायचीस. मी ऐकत होते आणि आतून धुमसत होते. मग मी विषय काढला. राहिलेलं प्रकरण आहे, मला मदत करा, म्हटलं. खोली गप्प झाली. तश्शीच, संचारबंदीसारखी. मला रडू फुटलं. म्हटलं, “मी काय वाईट केलंय तुमचं? तिला सगळं सांगायचात, मला का नाही?”

द्वारकाबाई माझा हात धरून म्हणाल्या, “बाय, रागावू नका. तुमका पोर नाय. आमी तुमची वटी भरतंव, आनि तुमच्याच फुडे नको झालेल्या पोराची गजाल करतंव? पाप लागात गो! तुमच्या जिवाक काय वाटला असता? कुमुदबायक ह्या म्हायत होता. म्हनान ती तुमका भायर धाडायची.”

कुमुद! म्हणजे तू मला वाचवत होतीस? इतकी वर्षं माझी बोलणी खाल्लीस, ‘मलई खाते’ हे ऐकून घेतलंस, आणि माझ्यासमोर त्यांची तोंडं का बंद होतात हे कळून मला दुखू नये म्हणून एक अक्षर बोलली नाहीस? मला काय वाटलं सांगू? उपकार वगैरे नंतर. आधी वाटलं, मेली, चांगुलपणातसुद्धा पुढंच! माझ्याकडे जळण्याशिवाय काही ठेवलंच नाहीस.

आणि मग मला हसू आलं. रडता रडता जोरात हसू आलं, बायका घाबरल्या. कारण तू चुकली होतीस. तू, कुमुद, बायकांच्या पोटातलं ओळखणारी, तीस वर्षं शेजारी बसलेल्या बाईचं तुला कळलं नाही. मला मूल होत नव्हतं असं नाही. मला नको होतं.

तुला माझी आई आठवते ना? सहाव्या बाळंतपणात गेली. मी बारा वर्षांची होते, चुलीवर पाणी तापवत होते. तुझ्या आईनं मला त्या दिवशी जेवायला नेलं होतं. लग्न झाल्यावर मी ह्यांना सांगितलं, मला भीती वाटते, आणि मला शिकायचंही आहे. हे म्हणाले, “आईला कळू देऊ नकोस.” सासूबाईंनी वर्षभर वाट पाहिली आणि मला सोळा सोमवार धरायला लावले, मूल व्हावं म्हणून. आमच्याकडे सोळा सोमवारांचं सोवळं कडक. व्रत चालू आहे तोवर बाईचं अंथरूण देवघराशी, नवऱ्याचं बाहेर. आणि एक सोमवार मोडला की पुन्हा पहिल्यापासून. कळलं तुला? उद्यापन जवळ आलं की माझ्याकडून काहीतरी ‘चुकायचं’. कधी विसरून मिठाचं खाल्लं, कधी वेळ टळून गेली. सासूबाई कपाळ बडवून घ्यायच्या, “कशी गं तू धांदरट!” आणि मी पुन्हा पहिला सोमवार धरायचे. अख्ख्या आळीत माझ्याइतकी श्रद्धाळू सून नव्हती. मुलासाठी एवढे सोमवार करणारी दुसरी दाखवा, असं सासूबाई मरेपर्यंत सगळ्यांना सांगत होत्या.

म्हणजे तुझा सिद्धांत खरा होता, आणि त्याचा सगळ्यात चांगला पुरावा तुझ्याशी रोज भांडत होता. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की तू बरोबर आहेस. पण तू बरोबर आहेस हे मी तुला सांगू? आणखी तेही? माझं असं एवढं एकच होतं, तुझ्याजवळ नसलेलं. ते मी तुला देणार नव्हते.

हे सगळं मी त्या बायकांना सांगून टाकलं. भडाभडा, एका दमात. द्वारकाबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. “म्हंजे इतकी वर्सां आमचे नारळ फुकट गेले काय गो?” असं म्हणाल्या आणि अख्खी खोली खो खो हसली. हसू ओसरल्यावर त्या जरा जवळ सरकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “माझे मंगळवार होते. शेवटच्या मंगळवारी मी सुकटाचो तुकडो तोंडात टाकलंय. दर खेपेक. माका वाटला, ह्या मी एकटीच करतंय.” कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, “मीपण गो.” मग दारातली एक बोलली, तिला पहिलंच नको होतं.

कुमुद, व्रत धरणाऱ्या बायका तुला पुष्कळ भेटल्या. मुद्दाम मोडणारी एकही भेटली नाही. भेटणार कशी? मला दाराबाहेर पाठवून तू तिला आत शोधत होतीस.

मी सरांना कळवलंय. पुस्तकावर नाव तुझं. शेवटच्या प्रकरणावर माझं, मोठ्या अक्षरांत, नाहीतर हस्तलिखित मिळणार नाही. पहिली मुलाखत गिरगावातल्या एका विवाहित प्राध्यापिकेची, म्हणजे माझीच आहे. ह्यांना वाचून दाखवली. ऐकून झाल्यावर चष्मा पुसत बसले आणि म्हणाले, “छापा. आई आता नाही.”

काल ते प्रकरण पुरं झालं. चांगलं झालंय, अगं. तुझ्या सगळ्या पुस्तकापेक्षा चांगलं झालंय, हे मी तुला तोंडावर सांगितलं असतं. आणि तू वाचलं असतंस, पानं माझ्या अंगावर फेकली असतीस, म्हणाली असतीस, “माले, हरामखोर, हे तू माझ्यापासून लपवलंस?” तुझं ते गोरं नाक लाल झालं असतं. रात्रभर तुला झोप लागली नसती.

त्यासाठी तरी राहायचं होतंस गं. आयुष्यात एकदा, एकदाच, तू माझ्यावर जळायला हवी होतीस.